दोन तास चाळीस मिनिटे

गावंडे सरांची ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी सक्करदरा तलावाकडे फिरायला यायचे, मीही तिकडेच राहायचो. सांगताना त्यांनी स्वतःला कुठे झाकलं नाही. काही भाग तर मी माझ्या डोळ्यांनीच पाहिला होता, कारण नागपूरच्या महाल भागातल्या अध्यापक महाविद्यालयात मी टायपिस्ट होतो. माझं नाव चंद्रभान.

देवराव गावंडे तिथे गणित शिकवत. उंच, सडपातळ, धोतर-कोट आणि खिशात लाल पेन्सिल. फळ्यावर हाताने वर्तुळ काढत, ते कंपासने काढल्यासारखं येई. वर्गात कोणाचं कुठे अडलं ते चेहऱ्यावरून ओळखत. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून निघालेले गुरुजी काटोलपासून उमरेडपर्यंत पसरले होते.

१९७४ साली आमच्या कॉलेजने पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यातल्या शाळांत शिकवणारे, पण प्रशिक्षण न झालेले शिक्षक नोकरी सोडून नागपूरला येऊ शकत नव्हते. त्यांच्यासाठी धडे टपालाने पाठवायचे, त्यांनी उत्तरं टपालाने धाडायची. या विभागाचं प्रमुखपद गावंडे सरांनाच मिळणार, असं शिपायापासून सगळे धरून चालले होते. सरांनी तर घरी पत्नीला, देवकीबाईंना, सांगूनही टाकलं होतं.

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नाव वाचलं ते इंदुताई देशकरांचं.

इंदुताई सरांपेक्षा चौदा वर्षांनी लहान. एके काळी त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेल्या. सर उठले, हसले, म्हणाले, "अभिनंदन, ताई." मग आपल्या जागेवर येऊन त्यांनी हजेरीपट उघडला आणि तास संपेपर्यंत एकच पान पाहत बसले. मला वाटलं, काही हिशेब चालला असेल. पुढे ते म्हणाले, "मी तिचे तेव्हाचे मार्क आठवून राहिलो होतो गा. चाळीस पडले होते तिले गणितात. चाळीस!"

सरांना विभागात घेतलं, पण तपासनीस म्हणून. गणिताचा धडा इंदुताई लिहीत, कारण त्यांचं म्हणणं होतं, ज्याला गणित कठीण गेलं त्यानेच ते लांबच्या माणसाला लिहून सांगावं. मी स्टेन्सिल कापायचो, सायक्लोस्टाइलवर पहिली प्रत काढायचो, आणि ती सरांकडे जायची. धड्याच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर 'लेखन : इंदु देशकर', शेवटच्या पानाच्या तळाशी 'तपासणी : दे. ना. गावंडे'. ते तळाचं अक्षर किती बारीक ठेवायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं, मशीनवर एकच टाइप होता. सरांना मात्र ते दर वेळी आणखी बारीक दिसे.

इंदुताईंनी एक नवी गोष्ट केली. प्रत्येक धड्यासोबत एक कोरं पोस्टकार्ड, कॉलेजचा पत्ता घातलेलं. वर एकच ओळ : 'अडलं तर लिहा, लाजू नका.' प्राचार्य म्हणाले, दहा येतील. विद्यार्थी होते एकशे ब्याऐंशी, पहिल्याच महिन्यात सव्वाशे आली. इंदुताई रोज दुपारी डबा खाता खाता ती वाचत, स्वतः उत्तरं लिहीत. कोणाच्या गावी ओढ्याला पूर आला, कोणाला बाळ झालं, हेही त्यांना ठाऊक. पोस्टकार्डांवर 'आदरणीय ताई' असे. गावंडे सर समोरच्या टेबलावरून त्या गठ्ठ्याची जाडी पाहत.

"चंद्रभान," ते एकदा मला म्हणाले, "टपालाने काय शिकवणं होते का? चेहरा दिसत नाही, काही नाही. हे म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याले पत्र लिहिणं."

मी म्हटलं, "पण सर, लोक लिहून तर राहिले."

"लिहितीलच. फुकटचं कार्ड आहे."

मग आकाशवाणीने इंदुताईंना अपूर्णांकांवर दहा मिनिटं बोलायला बोलावलं. सरांच्या घरी ट्रान्झिस्टर लागलेला होता. देवकीबाई शिकलेल्या चौथीपर्यंत. भाजी चिरता चिरता त्या थांबल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "किती सोपं करून सांगते ही बाई! मलेही समजून राहिलं."

सरांनी खटकन बटण फिरवलं.

"काहून बंद केला जी?"

"सेल उतरून राहिले."

सेल आदल्याच दिवशी घातलेले होते. देवकीबाईंनी विळी पुढे ओढली. सर मला म्हणाले, "बावीस वर्षं संसार केला, एकदाही तिले मी अपूर्णांक समजावून सांगितला नव्हता. आणि राग आला तो तिले दुसऱ्यानं समजावला याचा."

त्यानंतर आठवड्याभरात नववा धडा आला. काळ-काम. उदाहरण होतं : एका पंपाने टाकी चार तासांत भरते, दुसऱ्याने सहा तासांत. दोन्ही एकदम लावले तर किती वेळ? इंदुताईंनी रीत बरोबर लिहिली होती. उत्तर आलं २.४ तास. पण घाईत त्यांनी शेवटी लिहिलं, 'म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे.' खरं उत्तर दोन तास चोवीस मिनिटं. तासाचे साठ भाग असतात, शंभर नव्हे.

मी जसं होतं तसं टाइप केलं. पहिली प्रत सरांकडे गेली. चूक त्यांना एका नजरेत दिसली. लाल पेन्सिल त्या ओळीपाशी नेली, टेकवली, आणि उचलली. मग त्यांनी तळाशी सही केली : 'तपासले.'

"काय वाटलं सर, तेव्हा?" मी विचारलं होतं.

"गोड वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाले सांगू? एकशे ब्याऐंशी घरी तिची फजिती जाईल, तिच्या नावानिशी. मी त्या दिवशी चालत घरी गेलो, सायकल हातात धरून."

तीन आठवड्यांनी उत्तरपत्रिका यायला लागल्या. सर वाट पाहत होते की लोक लिहितील, ताई, तुमचं उत्तर चुकलं. तसं कोणी लिहिलं नाही. बहुतेकांनी रीत नीट केली होती, आणि शेवटच्या ओळीत कुठेतरी काहीतरी ओढूनताणून 'दोन तास चाळीस मिनिटे' आणलं होतं. छापलेलं खोटं कसं असेल? काहींनी तर आपलं बरोबर उत्तर खोडून ते लिहिलं होतं. खोडाखोड स्पष्ट दिसत होती. हीच माणसं उद्या पोरांना हेच शिकवणार होती.

एका पाकिटात उत्तरपत्रिका नव्हतीच. पत्र होतं. नरखेड तालुक्यातल्या एका गावची शामला ढोके, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लिहिलं होतं : 'मी हे गणित चार दिवस केले. एकोणीस वेळा केले. दर वेळी चोवीस मिनिटे येतात. माझ्यात तेवढी बुद्धी नाही हे मला कळले. माझे नाव कमी करावे.'

सरांनी ते पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. इंदुताईंना दाखवलं नाही.

पण बाकीच्या उत्तरपत्रिका इंदुताईंनी पाहिल्याच. त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्यांनी मला बसवून पत्रक सांगितलं : 'नवव्या धड्यातले उत्तर चूक आहे. चूक माझी आहे. ज्यांचे उत्तर चोवीस मिनिटे आले त्यांचे अभिनंदन. यापुढे छापलेल्यापेक्षा स्वतःच्या गणितावर विश्वास ठेवा.' सर समोर बसून ऐकत होते. त्यांना वाटलं, आता ती विचारेल, सर, तुम्ही तपासलं होतं ना? इंदुताईंनी मान वर करूनही पाहिलं नाही.

त्या पत्रकानंतर जी पोस्टकार्डं आली, त्यांचा गठ्ठा आजवरचा सगळ्यात जाड होता. आमच्या गुरुजींनी कधी चूक कबूल केली नव्हती ताई, असं लोकांनी लिहिलं. ज्या खड्ड्यात तिला पाडायचं होतं त्यातून ती उंच होऊन निघाली. सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

शामला ढोकेचं मात्र कार्ड आलं नाही. नाव कमी करा म्हणणारीने कॉलेजचं पाकीट फोडलंच नसेल, असं सरांच्या मनात आलं. रविवारी ते नरखेडच्या एसटीत बसले. कळवळ्याने गेलात का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अर्धा कळवळा. अर्धं हे, की ही एक तरी पोरगी इंदुताईंची नाही, माही होईल."

गावात संत्र्याची तोड चालू होती. शामलाचे सासरे चंपतराव अंगणात गवत टाकून पेट्या भरत होते.

"नागपूरहून आले? सुनेसाठी?" ते हात झटकत उठले. "तिनं तं ते पुस्तकं वर टांगून ठेवले जी. चार दिवस जेवली नाही धड. शामला, पाणी आन वं!"

शामला पंचविशीची, पदर खोचलेली. सरांनी पत्र पुढे केलं. "तुमचं उत्तर बरोबर होतं. छापलेलं चूक होतं."

ती बघतच राहिली. "मंग कोणाले दिसलं नाही काय?"

"मले दिसलं होतं."

"दिसलं होतं? मंग काहून नाही दुरुस्त केलं?"

सर म्हणाले, त्या अंगणात खोटं बोलायला भरपूर जागा होती. पण एकोणीस वेळा केलेल्या गणितासमोर ते जमलं नाही. "ज्या बाईंनी धडा लिहिला, त्यांची जागा मले पाहिजे होती. त्यांची फजिती व्हावी म्हणून सोडलं."

चंपतरावांच्या हातातलं गवत तसंच राहिलं. शामलाचे डोळे भरले, पण आवाज चढला. "तुमच्या त्या भांडणात माहे चार दिवस कशाले घेतले, सर? मी शाळेत पोरांसमोर उभी राहिली तं फळ्यावर साधी बेरीज लिहाले भेवत होती."

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ते उठायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "आता आलेच आहात तं दहावा धडा सांगून जा. फुकट काहून जाता?" ती आत जाऊन टांगलेली पिशवी काढून घेऊन आली. सर पेटीवर बसले आणि तीन तास शिकवून संध्याकाळच्या गाडीने परतले.

सोमवारी त्यांनी इंदुताईंना सगळं सांगितलं. मी तिथेच स्टेन्सिल कापत होतो, उठून जाऊ लागलो तर सर म्हणाले, "बस गा, तूही ऐक."

इंदुताईंनी ऐकून घेतलं. "मला माहीत होतं, सर. उत्तरपत्रिका आल्यावर मी पहिली प्रत काढून पाहिली, त्या ओळीपाशी तुमच्या पेन्सिलीचा ठिपका आहे."

"मग बोलल्या काहून नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून." मग त्यांचा आवाज कडक झाला. तसा तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. "माझा राग होता तर माझ्यावर काढायचा होता. त्या एकशे ब्याऐंशी जणांनी काय केलं होतं? आजपासून तपासणी तुमच्याकडे नाही. नरखेडला दर रविवारी प्रत्यक्ष शिकवण्याचं केंद्र सुरू करायचं आहे, ते तुम्ही घ्या. समोर चेहरा असला की तुम्ही चूक सोडत नाही, हे मला माहीत आहे. मी तुमच्या वर्गात होते."

सरांनी नऊ वर्षं ते केंद्र चालवलं. शामला दुसऱ्या वर्षी पास झाली, आणि पुढे तिथेच सरांच्या मदतीला उभी राहू लागली. तिने सरांना माफ केल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. मात्र सर उशिरा आले तर वर्ग ती सुरू करी.

१९८३ साली सरांच्या निरोप समारंभात इंदुताई बोलल्या. म्हणाल्या, टपालाच्या धड्याला चेहरा लागतो हे मला गावंडे सरांनी शिकवलं. टाळ्या वाजल्या. सरांनी हात जोडले.

"तेव्हा तरी गेला का सर, हेवा?" मी तलावाच्या कट्ट्यावर विचारलं.

"नाही गा. उलट वाढला. तिनं माहं नाव किती सहज घेतलं पाह. मी भाषणाले उठलो तं सगळ्यांचे नावं घेतले, तिचंच राहिलं. देवकी पुढच्या रांगेत बसली होती. तिनं नुसतं पाहिलं माह्याकडे, तवा कुठं ते बाहेर निघालं."