परत आलेली पुस्तकं

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या बाईंना खोली आहे, खुर्ची आहे, दारावर पाटीही आहे. बाई तेवढ्या जागेवर नसतात. पोरगं आपणहून सल्ला मागायला येतं तोवर गाडं पुरतं रुतलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्याच आधी जाऊन पोरांच्या मानगुटीवर बसतात. पोरं त्यांना पाठलागबाई म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात.

त्या दुपारी ग्रंथपालांनी त्यांना सहज सांगितलं, की शेवटच्या वर्षाचा लंबू सगळी पुस्तकं परत करून गेला. परीक्षा तोंडावर असताना पुस्तकं परत करणारा एक तर महापंडित असतो, नाहीतर कॉलेजला रामराम ठोकणारा. लंबू महापंडित नव्हता. पुस्तकं कपाटात लावू नका, एवढं सांगून बाई निघाल्या.

फोन बंद. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कळलं, आई दवाखान्यात होती तेव्हा त्याचं प्रात्यक्षिक बुडालं. बुडालेल्यांची फेरपरीक्षा आजच, आत्ता तासाभरात. सूचना फळ्यावर होती. पण जो येतच नाही तो फळा काय वाचणार? बाईंनी पोरांकडून त्याचा ठावठिकाणा घेतला आणि स्कूटर काढली.

लंबू थोरल्या भावाच्या गॅरेजात इंजिन उघडून बसला होता. प्रात्यक्षिक गेलं म्हणजे वर्ष गेलं, असा निकाल त्यानं स्वतःच लावून टाकला होता. दादानं बाईंना स्टूल दिलं, फेरपरीक्षेचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आता त्याला भरीला घालू नका, हात चांगला बसलाय, संध्याकाळी गिऱ्हाईक येईल.

"हे इंजिन तुम्हाला जोडता येतं ना?"

"म्हणजे काय, मीच शिकवलंय त्याला."

"मग जोडा. त्याची परीक्षा काही तुम्हाला देता यायची नाही."

लंबू पुसलेलाच पाना पुन्हा पुसत राहिला. शेवटी दादानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"जा. नाहीतर आईला मी काय सांगू?"

ते पोहोचले तेव्हा परीक्षा घेणारे सर प्रयोगशाळेचं दार लावतच होते. त्यांनी लंबूचे काळे हात पाहिले, आधी धुऊन ये म्हणाले आणि दार धरून उभे राहिले. बाई जिन्यात बसल्या. आत काचेचा आवाज झाला की त्यांचा जीव वरखाली.

लंबू बाहेर आला तो घामानं निथळत.

"रंग बदलला, बाई. जिथं बदलायला हवा, तिथंच."

"लेखी राहिलीय अजून. चल, पुस्तकं टेबलावरच आहेत."

ती पुस्तकं परत आली थेट पदवीचा निकाल लागल्यावर. तीही बाई मागे लागल्या तेव्हा.