पश्चिमेच्या भिंतीजवळची टेबलं

साकोलीतल्या आमच्या ऑफिसात मे महिन्यात एक इंजिनिअर बाई आल्या. आमच्या नव्या इमारतीला किती एसी लागतील, हे त्या बांधकामाआधीच संगणकावर उन्हाळा उभा करून पाहत होत्या. पण दोन मिनिटं एका जागी बसेनात. उठून भिंतीला तळहात लावायच्या, परत येऊन आकडे बदलायच्या.

"मॅडम, काहून फिरून राहिल्या तुमी?" मी विचारलं.

"संगणकाला माणूस म्हणजे नुसती खोली तापवणारी वस्तू. भिंतीशी बसणाऱ्याला किती चटका लागतो, ते त्याला कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझे बाबा ऑफिसात अशाच तापलेल्या भिंतीशी बसायचे. एका दुपारी खुर्चीतच कोसळले, ते उठलेच नाहीत."

मग त्यांनी नव्या इमारतीच्या नकाशात पश्चिमेच्या भिंतीजवळची सगळी टेबलं आत सरकवली. त्यातलं एक माझं होतं. तरी त्या बसल्या नाहीत; उठून पुन्हा भिंतीला तळहात लावायला गेल्या.