सातवं वाक्य

टेबल पुसताना सईची वही उघडी दिसली. परदेशी शिकायला जायचं म्हणून माझी लेक सध्या इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करते आहे. रोज दहा शब्द आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग. ही सवय तिला चौथीत मीच लावली. "वाक्य आपल्या घरातलं कर, म्हणजे शब्द विसरत नाही," असं सांगून.

तिनं अगदी तसंच केलं होतं. एका वाक्यात गॅलरीतला कढीपत्ता होता, एकात आईची गुडघेदुखी. सातव्यात मी होतो. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘माझे बाबा टॅसिटर्न आहेत, म्हणून मी त्यांना काही सांगत नाही.’ तो एक शब्द मला अडला. शब्दकोश काढला. अबोल, घुमा.

मी घुमा? ऑफिसात तर माझी बडबड लोकांना थांबवावी लागते. घरात काय बोलतो ते आठवून पाहिलं. पोचलीस का, जेवलीस का, यापुढे काही सापडेना. मराठीत हे वाक्य तिला माझ्यासमोर म्हणता आलं नसतं. परक्या भाषेत तो नुसता गृहपाठ होता. इतके शब्द ती परदेशासाठी जमवते आहे, की मी कधी दिलेच नाहीत म्हणून?

"बाबा, काही शोधताय का?" सई दारात उभी होती.

"काही नाही," मी म्हणालो, आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागलो.