स्मोकरची पाठवणी

नवरा दोन सुटकेसा घेऊन नाशिकला निघून गेला आणि दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि मी अशा दोघीच उरलो. ही व्यवस्था दोघींनाही नको होती. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, त्या पुण्याच्या, अंड्यालासुद्धा हात न लावणाऱ्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी पाणी दिलं की त्या उठून ग्लास एकदा विसळून घेत आणि मगच पीत. माझ्यादेखत. लपवायचं त्यांना काही कारण वाटत नसे.

आमच्या दोघींखेरीज त्याने मागे ठेवलं ते खाली, इमारतीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत होतं. बार्बेक्यू स्मोकर. लाकडाच्या मंद धुरावर मांस दिवसभर शिजवत ठेवायचं लोखंडी यंत्र. कंपनीच्या कामासाठी तो वर्षभर अमेरिकेत राहिला आणि येताना हे खूळ घेऊन आला. तयार मिळतात ते त्याला पसंत पडेनात, म्हणून पानिपतला कापडरंगाईच्या कारखान्यांना बॉयलर करून देणाऱ्या एका माणसाकडून त्याने हा खास बनवून घेतला. आडव्या टाकीसारखं धड, एका अंगाला लाकडं जाळायची पेटी, दुसऱ्या अंगाला धुराडं. वजन नऊशे किलोच्या आसपास. पत्रा जाड हवा म्हणजे आच धरून राहते, हे त्याने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. मला तर पाहुणे नसतानाही सांगितलं.

थंडीतल्या रविवारी तो सकाळपासून धूर करायचा. सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ओरडायचे. आठवड्याभरात नोटीस यायची. आणि सासूबाई देवघराचं दार लावून घेऊन म्हणायच्या, "हे सगळं हिच्या पायगुणाने." मला ते धुरकट मांस आवडतसुद्धा नव्हतं. मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात चालतं, म्हणून त्याची भीड चेपली."

तो गेल्यावर तीनेक महिन्यांनी फोन आला. मित्राबरोबर द्राक्षमळ्यांच्या बाजूला त्याने हॉटेल काढलं होतं.

"स्मोकर पाठव," तो म्हणाला.

"येऊन घेऊन जा."

"मला इथून हलता येत नाही. तू सरकारी नोकरीत आहेस, तुला फोन करायला वेळ असतो."

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइली आटोपून ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावायला बसले. त्याच्यासाठी नव्हे. खिडकी उघडली की ते काळं धूड दिसायचं आणि ते एकदाचं जावं असं मला वाटत होतं.

पहिल्याने विचारलं, "मॅडम, टँकर है क्या?" दुसऱ्याने तंदूर समजून हातगाडीवर चढवून गोदामात आणायला सांगितलं. वजन सांगितल्यावर हसला आणि फोन तोडला. तिसऱ्याने नीट ऐकून घेतलं. नाशिकच्या गाडीत त्याच्याकडे जागा होती, पण त्या गाडीत पानिपतच्या चादरी आणि ब्लँकेट जायची होती.

"इसमें तेल-चर्बी लगी होगी. मेरा सारा माल काला हो जाएगा. लकड़ी की पेटी बनवाओ, चारों तरफ़ से बंद. तभी उठाऊँगा."

मग सुतार शोधला. तो येऊन मापं घेऊन गेला आणि आठवडाभर फिरकला नाही. मी फोनवर आवाज चढवला, तर त्याने माझ्याहून वरचा आवाज लावला. नवऱ्याचे फोन रोज सकाळी, मी डबा भरत असताना. तापमानाचा काटा काढून वेगळा बांध. धुराड्याला गोधडी गुंडाळ. दार तारेने आवळ, नाहीतर वाटेत उघडेल. आडवा पाडू देऊ नकोस. आत कोरडं कर, तेलाचा हात फिरव, गंज चढता कामा नये.

"तेलाचा हात मी फिरवू?"

"मग कोण फिरवणार? मी?"

हे बोलणं स्पीकरवर चाललेलं असायचं, कारण माझे हात पोळपाटावर. सासूबाई समोर टेबलाशी मटार सोलत बसायच्या. मुलाचा आवाज ऐकताना त्यांचे हात हळू व्हायचे. तो आईची चौकशी करायचा नाही असं नाही. शेवटी एक वाक्य असायचं, "आई ठीक ना?" आणि उत्तर यायच्या आत तो पुन्हा धुराड्यावर जायचा.

एका सकाळी पेटीच्या तळाला आडव्या फळ्या किती जाड हव्यात हे तो सांगत होता. सासूबाईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं आणि फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"अरे, माझं वजन त्रेचाळीस किलो आहे," त्या म्हणाल्या. "मला क्रेन लागत नाही. पेटी लागत नाही. मला कधी नेतोस?"



"आई, तुझं तिकडे सगळं सेट आहे ना. औषधं, डॉक्टर. इथे काय आहे?"

"तू आहेस."

"बघू ना आपण. हे एकदा होऊ दे."

त्यांनी फोन पिठाच्या ताटाशेजारी ठेवला आणि आत गेल्या. त्यानंतर त्याचा फोन आला की त्या उठून जायच्या. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. त्याच दुपारी त्यांनी कामवालीला सांगितलं की सुनेने कान भरले म्हणून मुलगा नेत नाही. कामवालीने ते संध्याकाळी मला सांगितलं.

पेटी अखेर तयार झाली. क्रेन ठरली, इथे तिला सगळे हायड्रा म्हणतात. आणि सेक्रेटरींनी हायड्राला गेटातून आत घ्यायची परवानगी नाकारली. चार वर्षं जो माणूस हे इथून हलवा म्हणून नोटिसा चिकटवत होता, तो आता ते हलू देईना.

"टाइल्स नई लगवाई हैं," ते म्हणाले. "हायड्रा के नीचे एक नहीं बचेगी."

"तो हवा में उड़ाकर ले जाऊँ?"

"वो आपकी प्रॉब्लम है. रखवाने से पहले पूछा था हमसे?"

मी त्यांच्या दारात उभी राहून जे बोलले ते वरच्या दोन मजल्यांनी ऐकलं. शेवटी टाइल्सवर लोखंडी पत्रे अंथरायचे आणि फुटलं तर भरून द्यायचं, यावर ते कबूल झाले. हे मी नवऱ्याला कळवलं, तर तो म्हणाला, "तू नेहमी भांडणच का करतेस लोकांशी?" आणि माझ्यावर भरवसा नाही म्हणून तो स्वतः विमानाने आला.

शनिवारी दुपारी. मोठ्या ट्रकला दिवसा दिल्लीत नो-एंट्री, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याने छोटा ट्रक पाठवला होता; तो गोदामापर्यंत नेणार, पुढे मोठी गाडी. नवरा विमानतळावरून थेट गेटाशी आला. वर आला नाही. मला "हाय" म्हणाला आणि पेटीभोवती फिरून फळ्या ठोकून पाहू लागला.

"खिळे मारलेत? स्क्रू हवे होते. मी सांगितलं होतं."

"सुताराला तू सांगायचंस."

"इतकं साधं काम..."

"साधं होतं तर तू का नाही केलंस?"

हायड्राने पेटी उचलली. पट्टे कुरकुरले, पत्र्याखाली एक टाइल कट्कन मोडली आणि सेक्रेटरी गॅलरीतून ओरडले. पेटी ट्रकमध्ये टेकली तेव्हा ट्रक एका बाजूला कलला. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला. पेटी पुन्हा उचलून मधोमध ठेवावी लागली. नवरा आणि मी दोन बाजूंनी एकाच वेळी वेगवेगळ्या सूचना देत होतो आणि हायड्रावाला कोणाचंच ऐकत नव्हता.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. सासूबाई. अंगावर लग्नकार्याला नेसायची निळी साडी, हातात प्रवासाची बॅग. आमच्या दोघांकडे न बघता त्या सरळ ड्रायव्हरकडे गेल्या.

"आगे बैठने को जगह है?"

"माताजी, मैं तो गोदाम तक ही जाऊँगा."

"उधर से आगे जो लेके जाएगा, उसके साथ जाऊँगी मैं."

"आई, हे काय चाललंय?" नवरा धावत आला. "लोक बघतायत."

"बघू देत. हे जिथे जाईल तिथे मी जाणार."

"मी हॉटेलच्या वरच्या एका खोलीत राहतो. तिथे जागा नाही."

"याला आहे?" त्यांनी पेटीकडे बोट केलं.

तो विचार न करता बोलून गेला, "त्याच्यासाठी चौथरा बांधलाय."

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण शब्द मागे घेण्याऐवजी तो माझ्यावर उलटला. "तू आईला खाली आणलंस ना? मुद्दाम?"

माझं डोकं फिरलं. सकाळपासून उन्हात उभी होते, महिनाभर त्याच्या लोखंडासाठी अनोळखी माणसांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी ओरडले, "मी कशाला आणू? घेऊन जा ना! दोन्ही घेऊन जा! मला दोन्ही नकोत!"

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्यानेही मान खाली घातली.

सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता त्या रडतील, आणि त्यांनी रडावं असं मला त्या क्षणी वाटतही होतं. त्या रडल्या नाहीत.

"नकोत म्हणे," त्या म्हणाल्या. "फ्लॅट कोणाचा आहे? माझ्या नवऱ्याने घेतला, त्यांच्यामागे माझ्या नावावर झाला. तुझा नाही आणि याचाही नाही. ज्याला कोणी नको असेल त्याने जावं. मी कुठे जात नाही."

बॅग उचलून त्या लिफ्टकडे चालू लागल्या. नवरा मागे गेला, "आई, ऐक तरी." लिफ्टचं दार त्याच्या तोंडावर बंद झालं. तो वर गेला नाही. ट्रकच्या मागोमाग टॅक्सीने गोदामात गेला, माल चढेपर्यंत थांबला आणि तिथूनच विमानतळ गाठला.

मी बराच वेळ खाली रेंगाळले. वर गेले तेव्हा साडी बदलून त्या चहा पीत होत्या. माझ्यासाठी टाकला नव्हता.

"मी भाड्याची जागा बघते," मी म्हटलं.

"बघ."

मी खरंच बघितली. दोन सेक्टर सोडून एक खोली पसंतही पडली. पण सुट्टीच्या दिवशी सामान बांधायचं म्हणत राहिले आणि बांधलं नाही. त्यांनी कधी जातेस हे विचारलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. ग्लास विसळणं चालू राहिलं. मी भाजीत तिखट जास्त घालायला लागले, त्या दही घेऊन खायला लागल्या.

स्मोकर नाशिकला पोचला. धुराडं वाकलं होतं. त्यासाठी नवऱ्याने मला फोनवर झाडलं, मी त्याचा नंबर ब्लॉक केला. मग तो लँडलाइनवर आईला फोन करू लागला. एकदा हॉटेल वाढवण्यासाठी फ्लॅट गहाण ठेवायचा विषय त्याने काढला. मी आतल्या खोलीत होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सही मिळणार नाही," आणि हवापाण्याची चौकशी केल्यासारखं विचारलं, "धुराडं सरळ झालं का?"

पुढच्या रविवारी सेक्रेटरी आले. टाइल्स फुटल्या होत्या, आम्ही बदलून द्याव्यात असं त्यांचं म्हणणं. मी स्वयंपाकघरात कोबी चिरत होते. दार सासूबाईंनी उघडलं. त्या चढ्या आवाजात बोलायला लागल्या. चार वर्षं नोटिसा कोणी लावल्या, पत्रे वाकडे कोणी टाकू दिले, माझ्या सुनेला दारात उभं करून कोण ओरडलं. 'माझी सून' हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला, तोही भांडणात, हिंदीत. सेक्रेटरी काहीतरी पुटपुटत जिना उतरले.

दार आपटून त्या आत आल्या आणि माझ्या हातातला कोबी बघून म्हणाल्या, "किती जाड चिरतेस."

"मग तुम्ही चिरा," मी म्हटलं आणि सुरी त्यांच्यापुढे सरकवली.