सरिता मिस्त्रीच्या दोन खिडक्या

वडनेरच्या बौद्ध वस्तीत सरितेला मिस्त्री म्हणवून घ्यायला अर्धं आयुष्य लागलं. बाई बांधकामावर असली की ती रेजा: घमेलं उचलायचं, रेती चाळायची, बस. सरिता घमेली वाहता वाहता ओळंबा धरायला शिकली, आणि शिकली ती पुरुषांच्या नाकावर टिच्चून. गावात नवं विहार उभारायचं ठरलं तेव्हा कमिटीच्या बापूरावांनी काम तिला दिलं. तिच्या एकटीच्या नावावरचं ते पहिलं काम.

वस्तीची हौस एकच. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी उगवतं ऊन थेट मूर्तीच्या मुखावर पडावं. पूर्वेची भिंत डिसेंबरात चढली. सरितेने मूर्तीच्या ओट्यावर घमेलं पालथं घातलं, सकाळी त्यावर ऊन कुठून येतं ते पाहिलं आणि तिथेच खिडकी सोडली. सूर्य वर्षभर सरकतो हे काय तिला ठाऊक नव्हतं? शेतात वाढलेली बाई ती. पण मिस्त्रीकामात रेघ मारली की ती हलत नाही, आणि त्या हिशेबात तिने सूर्यालाही धरला.

पौर्णिमा उजाडली. पांढऱ्या साड्या, खिरीचं पातेलं, सगळं विहार भरलेलं. ऊन आलं आणि मूर्तीपासून पार दूर, दक्षिणेच्या कोपऱ्यात जाऊन पडलं. तिथे घडी घातलेल्या सतरंज्या होत्या.

"बाई, सूर्यानं सतरंजीलेच वंदन केलं," तिची सासू तानाबाई म्हणाली. बायांना हसू आवरेना. मागून कोणी पुटपुटलं, रेजाच्या हाती थापी दिली की असंच होते.

वंदना आटोपताच बापूरावांनी हिंगणघाटच्या एका मिस्त्रीला फोन लावला. लोक घरोघर गेले. सरिता हलली नाही. पांढरी साडी खोचली, दोरी काढली. जुन्या खिडकीपासून सकाळी ऊन पडलं होतं त्या सतरंज्यांपर्यंत दोरी ताणली, मग तेवढीच तिरकस दुसरी दोरी मूर्तीच्या मुखापासून भिंतीकडे नेली. दोरी मूर्तीच्या डाव्या हाताला, उत्तरेकडे जाऊन टेकली. तिथे तिने कोळशाने फुली केली.

"उद्या तो येऊन राह्यला," बापूराव दारातून म्हणाले. "तू राहू दे आता, बाई."

"काका, भित मी बांधली, चुकलो मी. फोडीन बी मीच. मजुरी नोको. पण त्याचा हात लागला, तर मी जन्मभर रेजाच राहीन."

बापूरावांनी आत येऊन मूर्तीपासून फुलीपर्यंतची दोरी डोळ्यांनी पारखली. मग त्यांनी फोन करून त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं.

तिने एकटीने भिंत फोडली. पौर्णिमाही दरवर्षी मागेपुढे होते, म्हणून नवी खिडकी चांगली रुंद ठेवली. काम होताच बापूराव म्हणाले, जुनी बुजवून टाक, चूक कायले दाखवत ठेवाची?

"ते राहू द्या," ती म्हणाली. "सहा डिसेंबरले ऊन तिथूनच येते."

आणि आलं. महापरिनिर्वाणदिनी सकाळी वस्ती मेणबत्त्या घेऊन जमली, तेव्हा जुन्या खिडकीतलं ऊन मूर्तीच्या मुखावर होतं. हसायला कोणी धजलं नाही. पुढच्या पौर्णिमेला नव्या खिडकीनेही शब्द राखला. पंचशील होईपर्यंत ऊन मुखावरून हललं नाही, आणि सरिता पुरुषांच्या ओळीपुढे, अगदी मूर्तीसमोर मान ताठ करून बसली होती. तानाबाई शेजारणीला कोपराने ढोसून सांगत होती, सून माही हाय.

आता शेजारच्या गावांतली माणसं तिला विचारत येतात, आमच्याही विहाराला अशी खिडकी काढून दे म्हणतात. थंडीत आले तर सरिता त्यांना चहा पाजते आणि परत पाठवते.

"वैशाखात येजा," ती सांगते. "पहिले सूर्याले इचारतो, मंग तुमाले."

माणसं वैशाखात परत येतात.