दहा सिग्नल

"या, उभे राहा शेजारी. दहा सिग्नल."

मुकुंदवाडीच्या चौकात कधी उलट्या बाजूनं शिरला असाल, तर हे तुम्हीही ऐकलं असेल. तिथले ट्रॅफिक हवालदार, आम्ही त्यांना जमादार म्हणायचो, शिट्टी वाजवत नसत. हात आडवा धरायचे आणि बोटानं आपल्या शेजारची जागा दाखवायचे. चूक बारीक असली की पावती नाही. गाडी कडेला लावायची, आणि सिग्नल दहा वेळा लाल होईपर्यंत त्यांच्याजवळ उन्हात उभं राहून चौक बघायचा.

एकदा कडक इस्त्रीतले एक गृहस्थ म्हणाले, दंड घ्या, मला ऑफिसला उशीर होतोय. जमादार म्हणाले, "पैसा तुमच्याकडं लई हाय साहेब. येळ कमी हाय, म्हून तोच घेतो."

चौथ्या सिग्नलला एक स्कूटरवाली बाई लेकरासकट ट्रकखाली जाता जाता वाचली. सहाव्याला ते गृहस्थ स्वतःच उलटं येणाऱ्यांवर ओरडायला लागले. दहा झाले तरी हलेनात. शेवटी जमादारांनीच त्यांना ऑफिसची आठवण करून दिली.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. घर सोयगावच्याही पलीकडं. इथं ओळखीचं कुणी नाही, लोडिंग रिक्षा चालवतो. खाकी दिसली की अजून हाताला घाम सुटतो. त्यांनी मला पहिल्यांदा धरलं तेव्हा लायसनची मुदत संपत आली होती. सातव्या सिग्नलपर्यंत त्यांनी माझं गाव काढून घेतलं, आणि फॉर्म भरता येत नाही म्हणून मी ते काम टाळतोय, हेही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर चहाच्या टपरीवर बसून त्यांनीच फॉर्म भरला. तेव्हापासून मी त्यांचा 'सोयगाव' झालो.

मग वरून हुकूम आला. हातात दंडाचं मशीन. प्रत्येक चुकीचा फोटो काढायचा, तोंडी कुणाला सोडायचं नाही. जमादार मशीन खांद्याला अडकवून माणसं उभी करतच राहिले. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून वर पाठवला.

एका सकाळी मोठे साहेब चौकात आले. पावती नाही, नोंद नाही, मग इतकी माणसं सोडली कशावर, असं विचारू लागले. आम्ही पाच-सहा रिक्षावाले तिथंच होतो. जमादारांनी आमच्याकडं बघितलंही नाही. आम्हाला अडचण नको म्हणून असेल.

साहेब माझ्यासमोर थांबले. "तू काय देऊन सुटला होतास?"

मी म्हणालो, "मला काय माहीत नाय साहेब."

नवं लायसन खिशात होतं. जमादारांमुळंच होतं.

त्यांना चौकातून काढलं. आता तिथं खांबावर कॅमेरा आहे. लोक उलट्या बाजूनं खुशाल जातात. दंडाचा मेसेज येतो, तो कुणी उघडून बघत नाही. थांबत तर कुणीच नाही.

मागच्या महिन्यात त्यांना शोधत गेलो. जप्त केलेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात, पत्र्याच्या सावलीला खुर्ची टाकून बसले होते. समोर धुळीनं माखलेल्या, टायर बसलेल्या गाड्यांच्या रांगा. रस्ताभर माफीचे शब्द जुळवत आलो होतो. रिक्षा कडेला लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

ते गाड्यांकडंच बघत होते. मग म्हणाले, "जा सोयगाव. हितं सिग्नल नाय. किती येळ उभा राहशील?"