चार नंबरची पाटी

मालकीणबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं गल्लीत सगळे म्हणत. त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. परक्या माणसांनी चुरगाळलेल्या चादरी जी बाई तीस वर्षं धुते आणि तरी चिडत नाही, ती बाई तरी खोटी, नाहीतर चादरी तरी!

जुन्या तटबंदीच्या आत त्यांचं दुमजली घर. वर पाहुण्यांच्या तीन खोल्या, मुक्काम आणि सकाळची न्याहारी. शेजारीच बाल्कनीची चौथी खोली, ती मुलाची. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला त्यांचे यजमान, मास्तर. चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकतीस वर्षं चावी दिली, तेल घातलं. दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, मनोऱ्याची चावी नव्या घड्याळवाल्याकडे गेली. तेव्हापासून पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून मनोरा बघायचा आणि रोज सकाळी सातला ओरडायचं, "मागं आहे! मागं!" तेवढंच काय ते धड निघायचं. मालकीणबाई न्याहारीचे टोस्ट भाजता भाजता म्हणायच्या, "हो हो, मागं आहे." डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती खिडकी आहे म्हणून हा माणूस आहे.

चिरंजीव बुकिंग बघत आणि पाहुण्यांचे अभिप्राय आईला मोठ्याने वाचून दाखवत. 'खालून कुणीतरी ओरडतं. ऑम्लेट मात्र छान.'

गेल्या आठवड्यात चिरंजीवांनी वडिलांच्या दारावर पितळी पाटी ठोकली, चार नंबरची. वरच्या तीन खोल्यांना होती तशीच. मालकीणबाईंचा ऊर भरून आला. पोराने बापाला घरात मोजलं म्हणायचं! चार दिवस त्यांनी ती पाटी लिंबाने घासून लखलखीत केली. पोरगा म्हणाला, खोलीला रंग द्यायचाय, बाबांना दोन दिवस मागच्या कोठीत हलवू. त्यांनी कोठी झाडून खाटही टाकली; मास्तरांना हलवायचं तेवढं बाकी होतं.

आणि सोमवारी सकाळी अकराला एक नवराबायको बॅगा ओढत दारात उभे. "चार नंबर. मनोऱ्याच्या समोरची, तळमजल्यावरची."

पाहुण्या बाईने फोनवर बुकिंगमधला फोटो दाखवला. मास्तरांचाच पलंग. त्यावर पाहुण्यांची पांढरी चादर. औषधं गायब, खिडकी चकाचक. मागच्या बुधवारी मास्तरांना दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा काढलेला. फक्त खिडकीत त्यांचा चष्मा तेवढा राहिला होता. तो उचलायचं भान काही चिरंजीवांना राहिलं नव्हतं.

मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय आहे रे?"

"आई, पाहुण्यांसमोर नको."

"पाहुण्यांसमोरच! बोल!"

"सीझनपुरतं गं. चार महिने. सगळ्यांना तीच खोली हवी असते. कोठीत पंखा आहे की."

"आणि खिडकी?"

"बाबांना आता काय कळतंय?"

मालकीणबाई सरळ आत वळल्या. मास्तरांच्या हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला, पाटी उपटली, तरातरा जिना चढल्या आणि मुलाच्या दारावर ती ठोकून मोकळ्या झाल्या. मग त्याची उशी, दाढीचं सामान, कपडे, सगळं कवेत घेऊन खाली आल्या आणि कोठीतल्या खाटेवर आदळलं.

"अगं, मी कुठे झोपू?"

"इथं. पंखा आहे की."

वरच्या खोलीत त्यांनी स्वच्छ चादर घातली. पाहुणे जीव मुठीत धरून भिंतीला चिकटून उभे होते. "मनोरा इथूनही दिसतो," त्यांनी बाल्कनीचं दार धाडकन उघडून दाखवलं. "सकाळी सातला खालून ओरडा येईल. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

पाहुणा घाईघाईने बाल्कनीत गेला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने मनोऱ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "तीन मिनिटं मागे आहे हो तुमचं घड्याळ."

मालकीणबाईंचा हात उशीच्या अभ्र्यातच राहिला. दोन वर्षांत ते घड्याळ एकदाही ताडून पाहावंसं त्यांना वाटलं नव्हतं. लहान मुलाची समजूत घालावी तसं "हो हो" म्हणत आल्या होत्या. मग पोरगा काय वेगळं बोलला? त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्या खाली गेल्या, मास्तरांच्या उशाशी बसल्या. "अहो, खरंच मागं आहे. तीन मिनिटं."

मास्तरांचा अर्धा चेहरा संतापाने लाल झाला. जड जिभेने, एकेक अक्षर ओढत ते खेकसले, "दोन... वर्षं... सांगतोय!"

मालकीणबाईंनी डोळे पुसले, मास्तरांचा चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि पदर खोचून चौकाकडे निघाल्या. आता नव्या घड्याळवाल्याची पाळी होती.